नकटीचे वजन

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही नणंदेने आणून दिली. हे नोव्हेंबरात गेले, तेव्हापासून ती माझ्याकडेच राहते आहे. म्हणाली, "वहिनी, तू बोलत नाहीस ते नाहीस, निदान लिही तरी. नाहीतर एक दिवस कुकरसारखी शिटी होईल तुझी."

मी म्हटले, लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

"मग हवा कशी आहे ते लिही."

हवा कोरडी आहे. वारा आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरामागच्या शेडचे मालक आले होते. शेड महिनाअखेर रिकामी हवी म्हणाले. बोलताना चपला काढून उभे होते, म्हणजे त्यांनाही अवघड वाटत असावे. मी हो म्हटले.

शेडमध्ये ह्यांच्या ऐरणी आहेत. कारखान्यात हे टर्नर होते. लोक तिकिटे जमवतात, नाणी जमवतात, ह्यांनी ऐरणी जमवल्या. "तिकिटं चोरीला जातात," म्हणायचे. लहानमोठ्या सात आहेत. त्यांतली सगळ्यात मोठी दाराजवळ, लाकडी ओंडक्यावर. तिला ते 'नकटी' म्हणत. अंगभर काळा रंग, कमरेला साखळी गुंडाळलेली. कोणी पाहुणा आला की त्याला तिच्यासमोर नेत आणि सांगत, "बाराशे सोळा सालची आहे. साल कोरलंय अंगावर." पाहुणा वाकून बघे. मग हे म्हणत, "रंगाखाली आहे. हिंमत असेल त्याने खरवडून बघावं." आणि माझ्याकडे बघून, "नाहीतर आमच्या इन्स्पेक्टरला विचारा."

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तपासल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. शिवाय पाहुण्यांसमोर नवऱ्याला काय खोटे पाडायचे. मी चहा आणायला आत जात असे.

नोव्हेंबरात भेटायला आलेल्यांपैकी ह्यांचा एक जुना सहकारी दारातून बाहेर पडताना दुसऱ्याला म्हणाला, "माणूस लाखाचा, पण थापाड्या." दोघे हसले. वाईट हेतूने नव्हे. पण मला ते लागले. अजून निघत नाही.

शेड रिकामी करायचीच आहे. मला त्याआधी एकच ठरवायचे आहे. नकटी खरोखर जुनी आहे की हे आयुष्यभर थापा मारत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

भंगारवाला येऊन सगळे बघून गेला. पाठीमागे हात बांधून, एखाद्या शाळा तपासनीसासारखा फिरला. नकटीवर हातोडीने ठोकले. ठप्प असा आवाज आला.

"बिडाची आहे, बाई. ओतीव. घडीव असती तर अशी गप्प बसली नसती."

"जुनी नाही?"

"जुनी असेल हो. भंगारात सगळंच जुनं."

बावीस तारखेला टेम्पो घेऊन येतो म्हणाला. जाताना नणंद त्याला वाट दाखवायला पुढे झाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेचकाळली. दाराला लावलेला लोखंडी गोळा तिच्या अंगठ्याला लागला.

"हे काय आहे मेलं? भाल्याचं टोक?"

"दाराचं आहे," मी म्हटले. "वारा आला की दार आपटतं."

"वहिनी, तुमच्या घरात उशीसुद्धा लोखंडाची नाही ना, बघते हं एकदा."

अंगठा सुजला आहे. बर्फ लावला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संग्रहालयात गेले. जाईन असे मला वाटले नव्हते, पण सकाळी साडी बदलली आणि निघाले. तिथे अवजारांचे दालन आहे. त्याच्या प्रमुख एक तरुण बाई आहेत. केसांत पेन्सिल खोचलेली होती आणि ती शोधत होत्या. मी सांगितल्यावर सापडली.

त्यांनी फार नीट समजावले. नाव किंवा अक्षरे उठावाची, वर आलेली असली तर ऐरण बहुधा ओतीव. अक्षरे ठोकून आत बसवलेली असली आणि ऐरण खणखणीत वाजत असली तर घडीव. घडीव ऐरणीच्या कमरेला चौकोनी भोके असतात. घडताना तापलेला अवजड गोळा पहारीने उचलून फिरवता यावा म्हणून ती ठेवत. आणि वरच्या पाटावर चौकोनी भोक सगळ्यांनाच असते, पण त्याच्या शेजारचे लहान गोल भोक नंतरच्या काळात आले. ते नसेल तर ऐरण बरीच जुनी.

"आमच्याकडे एकाच ऐरणीची जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "पण वय पटलं पाहिजे. आणि तिच्यात नंतर काय बदललं तेही कळलं पाहिजे. तुमच्या मिस्टरांनी काही सांगितलं होतं का तिच्याबद्दल?"

मी म्हटले, नाही. बाराशे सोळा सांगायचा धीर झाला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बरेच घडले, म्हणून सविस्तर लिहिते.

शेजारच्या वेल्डरला बोलावले. ह्यांनी त्याचे नाव 'ठिणगी' ठेवले होते, कारण त्याच्या प्रत्येक शर्टाला भोके आहेत. त्याची बायकोसुद्धा आता त्याला त्याच नावाने हाक मारते. त्याने आल्याआल्या नकटीची साखळी सोडली.

"काकी, ही साखळी आवाज मारायला बांधतात. घंटा हातात धरली की वाजते का? तसंच."

म्हणजे भंगारवाल्याने ठोकली ती तोंड बांधलेली ऐरण. ठिणगीने हातोडीने हलकेच एक टोला दिला. असा आवाज निघाला की कौलांवरची कबुतरे उडाली. नणंद हातात लाटणे घेऊन पळत आली. "कोणी वाजवलं? शाळा सुटली का?"

ठिणगी हसत होता. "घडीव आहे, काकी. शंभर टक्के घडीव."

साखळी बांधली ते वर्ष मला आठवते, कारण त्याच वर्षी माझी अर्धशिशी सुरू झाली होती. "नकटीला कमरपट्टा केला," असे हे म्हणाले होते. मला वाटले शोभेला. आवाज कोणासाठी बंद केला असेल कोण जाणे. शेजार तेव्हा फारसा नव्हताच.

मग रंग काढला. कानस लावायची नाही असे संग्रहालयाच्या बाईंनी बजावले होते, म्हणून रंग काढायचे औषध लावून पितळी ब्रशने घासला. कमरेखाली चौकोनी भोके निघाली, पोटाशी एक आणि पायांशी दोन. पाटावर गोल भोक नाही. मी तीनदा बोट फिरवून बघितले. नाही.

शेवटी कुशीवरचा रंग निघाला. आकडे खरोखर होते. ठोकून बसवलेले, मध्ये ठिपके देऊन: १ · २ · १६.

नणंद म्हणाली, "अगंबाई. बाराशे सोळा. दादा खरं सांगत होता."

आणि मला हसू आले. किती दिवसांनी आले ते सांगता येणार नाही, पण थांबेना. ठिणगीने मला पाणी आणून दिले. त्याला वाटले औषधाचा वास डोक्यात गेला.

ते साल नाही. ते वजन आहे. नोकरी लागली तेव्हा प्रशिक्षणात आमच्याकडून जुनी मापे घोकून घेतली होती. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे एकशे बारा पौंडांचा. दुसरा त्याच्या पावाचा, अठ्ठावीस पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. बेरीज एकशे चौऱ्याऐंशी पौंड, म्हणजे साडेत्र्याऐंशी किलोच्या जवळपास. पूर्वी ऐरणीवर वजन असे ठोकून देत.

वजनमापे खात्यातल्या बाईचा नवरा जन्मभर लोकांना वजन हे साल म्हणून सांगत राहिला, आणि मी आत चहा गाळत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाराशे सोळा गेले. सकाळपासून थोडे उदास वाटले. खोटे ठरले म्हणून नव्हे. ते असते तर त्यांना आज सांगता आले असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वजन लिहिलेले आहे म्हटल्यावर तपासायला हवे. भंगारवाल्याकडून काटा मागवला. तो काट्याबरोबर स्वतःच आला. ठिणगीने चेन पुलीने नकटी उचलून काट्यावर ठेवली. एकोणऐंशी किलो.

साडेचार किलो कमी. नणंद लगेच म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

मी वाण्याकडून शिक्क्याची वजने मागवली आणि आधी काटा तपासला. वीस किलोला अर्धा किलो कमी दाखवत होता.

भंगारवाल्याने कपाळ पुसले. "म्हातारा झालाय काटा, बाई."

"म्हातारं माणूस दोन्हीकडे चुकतं," मी म्हटले. "हा एकाच बाजूला चुकतोय."

ठिणगी उगाचच दुसरीकडे बघू लागला. मी स्क्रू ढिला करून काटा जागेवर आणला. भंगारवाला म्हणाला, "रिटायर झालात ना तुम्ही?" नणंद म्हणाली, "ती झाली, तिचा हात नाही झाला."

पुन्हा वजन केले. एक्क्याऐंशी. म्हणजे आता चूक काट्याची नाही. नकटीच अडीच किलो कमी भरते आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

संग्रहालयाच्या बाईंना फोन केला. त्या आधी खूष झाल्या, मग विचारात पडल्या. म्हणाल्या, पुढचं निमुळतं शिंग आखूड आहे का? मी म्हटले, आखूड आहे आणि टोकाला कानशीने गोल केलेले आहे.

"दोन शक्यता आहेत. एक, मूळचीच आखूड शिंगाची ऐरण. मग आकडे तिचे नाहीत, कोणीतरी किंमत वाढवायला नंतर ठोकलेत. असं करतात लोक. दुसरी, शिंग तुटलंय. मग आकडे खरे. पण तुटलेला तुकडा नसेल तर मी काय सांगणार? समितीला नुसता माझा अंदाज चालत नाही."

बावीसला टेम्पो येणार. तुकडा इतक्या वर्षांत कुठल्या उकिरड्यावर गेला असेल.

नणंदेला विचारले, दादा कधी काही बोलले होते का. ती म्हणाली, "दादाने नकटीचं नाव नकटी ठेवलं, आणखी काय बोलायला हवं होतं?"

तेही खरे. नाक गेले हे त्यांना माहीत होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी केर काढताना दाराशी आले. तो लोखंडी गोळा बाजूला करायला डाव्या हाताने उचलला. रोज उचलते. आज हाताने वजन सांगितले. सव्वादोन.

केरसुणी तिथेच टाकली. वाण्याच्या वजनांनी तोलले. सव्वादोन किलो, पंधरावीस ग्रॅम इकडेतिकडे. खालची बाजू, जी कायम फरशीवर असते, खरखरीत तुटल्यासारखी. वर टोक. उरलेले पाव किलो कानशीने खाल्ले असेल, नाहीतर इतक्या वर्षांच्या हातोड्यांनी.

नणंद बघत होती. तिने अंगठ्याकडे बघितले, मग गोळ्याकडे. "म्हणजे मला नकटीचं नाक लागलं?"

मग मला एक आठवले.

हा तुकडा मी ह्यांच्याही आधीपासून ओळखते. म्हणजे एकाच दिवसापासून. मी खात्यात नवीन होते. एक उंच माणूस फडक्यात लोखंड गुंडाळून आला आणि म्हणाला, "याचं अचूक वजन हवंय. पार ग्रॅमपर्यंत." एका बंद पडलेल्या लोहारखान्याच्या ढिगाऱ्यात सापडले, असे काहीतरी सांगत होता. मी वजन करून दिले. पुढच्या आठवड्यात तोच माणूस तोच तुकडा घेऊन पुन्हा आला. "थंडीत लोखंड आकसतं, वजन बदललं असेल." मी त्याला समजावले की आकार आकसतो, वजन तेवढेच राहते. त्याने अगदी मन लावून ऐकले. त्याच्या पुढच्या आठवड्यात आला तो म्हणाला, "ते आकसण्याचं नीट कळलं नव्हतं, परत सांगता?" मी परत सांगितले. इतकी वर्षे लोखंडात काम करणाऱ्या टर्नरला एवढे ठाऊक नसावे याचे मला तेव्हा फार नवल वाटले होते.

लग्नानंतर हा गोळा त्यांनी दाराला लावला. "दार आपटलं की तू दचकतेस," म्हणाले.

पण यातून एक गोष्ट निघते आणि ती मला सुटत नाही. पहिल्यांदा आले ते तुकडा नकटीचाच आहे का हे पडताळायलाच आले असणार. त्यासाठी नकटीवरचे आकडे वजनाचे आहेत हे ठाऊक असायला हवे. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मग आकड्यांवर स्वतःच्या हाताने रंग दिला, आणि माझ्यासमोर, मला ऐकू जाईल असे, बाराशे सोळा, बाराशे सोळा का सांगत राहिले?

नणंदेला विचारले. ती म्हणाली, "वहिनी, तू काटे फार छान तपासतेस."

यात उत्तर कुठे आहे ते मला समजले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संग्रहालयाच्या बाई आल्या. सोबत लांब पोलादी पट्टी. ठिणगीने तुकडा शिंगासमोर फळीवर बरोबर उंचीला ठेवला आणि बाईंनी वरून पट्टी लावली. शिंगाचा उतार आणि तुकड्याचा उतार एका रेषेत आले. खालून लावली, बाजूने लावली. एकाच रेषेत. बाईंनी केसांतली पेन्सिल काढून लिहायला घेतले.

"आकडे खरे," त्या म्हणाल्या. "घडीव, वरती पोलादाचा पाट चढवलेला, गोल भोक नाही. एकशे नव्वद वर्षांच्या अलीकडची नाही. अडीचशेचीही असू शकेल. तुमच्या मिस्टरांची नजर चांगली होती."

मी म्हटले, हो. आणि नकटीवरून हात फिरवला.

नणंद दारातून म्हणाली, "फक्त सहाशे वर्षांनी चुकला म्हणायचा."

बाईंनी विचारले, कसले सहाशे? मग मी सगळे सांगितले. बाराशे सोळा, पाहुणे, रंग, चहा, खात्यातल्या त्या तीन फेऱ्या. एवढे सलग मी कोणाशी बोलले नव्हते. ठिणगी हसून हसून ओंडक्यावर बसला. बाई हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती वर्षं वाट बघितली हो त्यांनी," त्या म्हणाल्या.

कशाची, हे विचारायचे राहून गेले. तुकडा फोटोसाठी आणि समितीला दाखवायला त्या घेऊन गेल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टेम्पो आला. ओतीव ऐरणी भंगारवाल्याने नेल्या. एक ठिणगीला दिली, त्याने ती उचलून न्यायच्या आधी तीनदा नमस्कार केला. नकटी शेडमध्येच ठेवली.

भंगारवाल्याने नकटीवर हातोडी मारून बघितली आणि कान पकडला. "मी बिडाची म्हणालो होतो."

"साखळी होती," मी म्हटले.

जाताजाता म्हणाला, "बाई, माझ्या गोदामात एक पडलीय. कुशीला काहीतरी ठोकल्यासारखं आहे. आपल्याला काय त्यातलं कळतंय. जरा बघता का?"

मी सांगितले, मला ऐरणींतले काही कळत नाही. फक्त ही एक होती.

मग चष्मा घेतला आणि टेम्पोत पुढे बसून गेले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गोदामातली ऐरण १ · ० · २१ निघाली. गोल भोक आहे. वजन बरोबर भरले. काटाही बरोबर होता, आधी तोच तपासला.

तुकडा नाही म्हणून घरात दार दिवसभर आपटते आहे. नणंदेने वीट लावून बघितली, इस्त्री लावून बघितली, शेवटी स्वतः खुर्ची टाकून बसली. काही उपयोग नाही.

समितीने होकार कळवला.

१ मार्च, शनिवार

आज नकटी गेली. शेडच्या मालकांना किल्ली दिली. रिकाम्या शेडमध्ये ओंडक्याच्या जागी जमिनीवर एक गोल राहिला आहे. मालक म्हणाले, राहू दे, काय बिघडतं.

संग्रहालयात तिची जागा खिडकीपाशी आहे. सकाळी ऊन येते. शेजारी काचेच्या लहान पेटीत तुकडा ठेवायची सोय केली होती. बाईंनी मला पाटी वाचायला दिली. घडीव ऐरण, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची. खाली ह्यांचे नाव, आणि 'यांच्या संग्रहातून'. मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचले. त्या थापाड्या म्हणणाऱ्याला एकदा इकडे आणायला हवे, असे वाटून गेले. चहासुद्धा पाजीन.

तिथल्या काट्यावर मी नकटी आणि तुकडा मिळून वजन केले. कानशीने खाल्लेले पाव किलो सोडले तर हिशेब जुळला. पावतीवर सही केली. मग काचेची पेटी उघडी होती तोवर तुकडा काढला आणि पिशवीत ठेवला.

बाईंनी रिकाम्या पेटीत वाकून बघितले.

"हा मी परत नेते," मी म्हटले.

"मग ऐरण अपुरी राहील ना?"

"हो. अडीच किलो कमी."

"आणि ते तुम्हाला चालेल?"

नणंद मागून म्हणाली, "बाई, तिला नका विचारू, पाटी बदला."

बाईंनी पेन्सिल काढली आणि पाटीच्या कोपऱ्यात लिहिले: शिंगाचे टोक सध्या घरगुती वापरात आहे. सोमवारी छापून घेते म्हणाल्या.

खात्यात इतकी वर्षे काढली, कमी वजनाचा माल कधी पास केला नाही. आज केला.

हवा कोरडी आहे. वारा बराच आहे. दार आपटत नाही.